इमिग्रेशनचं युनिट झूमवर शिकवताना: जहाजाची यादी उघडा, मुलाचं घर उघडायला लावू नका

ताई, तुमचा प्रश्न वाचला. सातवीचा सोशल स्टडीजचा वर्ग, फेब्रुवारीत इमिग्रेशनचं युनिट सुरू होतंय, दरवर्षीची एलिस आयलंडची, म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरात जहाजाने आलेल्या इमिग्रंटांना जिथे तपासायचे त्या बेटाची, ट्रिप कोविडमुळे यंदा, २०२१ मध्ये, नाही, सगळं झूमवर, अर्धी मुलं कॅमेरा बंद करून बसतात, आणि त्यातली बरीचशी स्वतःच इमिग्रंट घरातली, तर सुरुवात कशी करू आणि त्यांना बोलतं कसं करू. मी इथे अमेरिकेत सोळा वर्षं मिडल स्कूलला हाच विषय शिकवते, आणि मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यापासून हे युनिट दोनदा ऑनलाइन घेतलंय, एकदा एप्रिलमध्ये घाईघाईत आणि एकदा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नीट विचार करून. पहिल्या वेळी माझ्या हातून चूक झाली. तुम्ही लिहिलंय की फॅमिली इंटरव्ह्यूपासून सुरुवात करायचा विचार आहे, आणि माझं नेमकं तिथेच चुकलं होतं, म्हणून आधी तेच सांगते.

वर्गात असताना मी कित्येक वर्षं हेच करायचे. घरून एक वस्तू किंवा फोटो आणा, समोर उभं राहून आपलं कुटुंब इथे कसं आलं ते दोन मिनिटं सांगा. छान व्हायचं. मुलं आजीची शाल आणायची, जुना पासपोर्ट आणायची, एकाने तर आजोबांच्या कुलुपाची किल्ली आणली होती, ज्या घराची किल्ली ते घर आता उरलेलंच नाही. एप्रिलमध्ये मी तोच उपक्रम जसाच्या तसा झूमवर घेतला, लाइव्ह, आणि ज्यांना नेट नाही त्यांना नंतर बघता यावं म्हणून रेकॉर्डिंग चालू ठेवलं. एक अबोल मुलगी होती, तिने बऱ्याच वेळाने अनम्यूट केलं, "माझी आई..." एवढंच बोलली, मागून कुणीतरी स्पॅनिशमध्ये पटकन काहीतरी म्हणालं आणि स्क्रीन काळी झाली. चार दिवस ती आलीच नाही. पाचव्या दिवशी तिच्या आईचा फोन आला, शाळेचा दुभाषा लाइनवर घेऊन. आई रागावली नव्हती, तिने फक्त एकच विचारलं, ते रेकॉर्डिंग कुणाकुणाला दिसतं? माझ्या पोटात गोळा आला. त्या घराचं इमिग्रेशन स्टेटस काय, म्हणजे इथे राहण्याचे कागद आहेत की नाहीत, ते मी विचारलं नाही, मला आजही माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. रेकॉर्डिंग त्याच रात्री डिलीट केलं, दुसऱ्या दिवशी दुभाष्याला घेऊन परत फोन केला आणि माफी मागितली. मुलगी वर्गात आली, पण शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही.

तेव्हा एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. शाळेत मूल घरातून निघताना ठरवतं की आज काय दाखवायचं आणि काय घरीच ठेवायचं. झूमवर तो उंबराच नाही. वर्गच मुलाच्या घरात भरतो, रात्रपाळी करून आलेले बाबा मागे झोपलेले असतात, शेजारी धाकटं भावंड दुसऱ्या वर्गाला बसलेलं असतं, आणि इमिग्रेशन हा असा विषय आहे की तो काही घरांत मोठ्याने बोललाच जात नाही, कधीकधी मुलालाही पूर्ण माहीत नसतो. म्हणून आता माझं धोरण साधं आहे, मी मुलांसमोर कागद ठेवते. खरे, जुने, कुणातरी दुसऱ्याचे कागद. ज्याला त्यातून आपल्या घराकडे यायचंय तो येतो, आणि येतात मुलं, पण ती पाऊल आपणहून टाकतात.

त्याआधी थोडं सेटिंगचं बघून घ्या, कारण ते पहिल्या दिवशीच करावं लागतं. या युनिटपुरतं रेकॉर्डिंग पूर्ण बंद. जी मुलं हजर नसतात त्यांच्यासाठी मी एकटीच बोलते असा दहा मिनिटांचा व्हिडिओ वेगळा बनवून टाकते, कटकट आहे पण करा. चॅट फक्त शिक्षकाला दिसेल असं ठेवा. आणि तो जगाचा नकाशा टाकून "आपापल्या देशावर पिन लावा" म्हणतात ना, तो ऑनलाइन फळ्यावर अजिबात नको, कारण वरून गोड दिसतो पण एखाद्या मुलाला तो सगळ्यांसमोर उत्तर द्यायला भाग पाडतो. ज्या मुलाला दत्तक घेतलंय, ज्याचे पूर्वज गुलाम म्हणून आणले गेले, जो नेटिव्ह अमेरिकन आहे, त्याने पिन कुठे लावायची? १९८२ साली सुप्रीम कोर्टाने टेक्ससच्या केसमध्ये ठरवून टाकलंय की स्टेटस काहीही असो, मुलाला पब्लिक स्कूलचं शिक्षण नाकारता येत नाही. हे प्लायलर विरुद्ध डो प्रकरण मी पहिल्याच दिवशी मुलांना सांगते, फार पाल्हाळ न लावता, दोन वाक्यांत. ज्याला ऐकायची गरज असते तो ऐकतो.

आता कागद. माझा पहिला कागद म्हणजे जहाजाची प्रवासी यादी, मॅनिफेस्ट. एलिस आयलंड १ जानेवारी १८९२ ला उघडलं, पहिली उतरली ती आयर्लंडमधल्या कॉर्कची ॲनी मूर नावाची मुलगी, दोन धाकट्या भावांना घेऊन आलेली. १९५४ मध्ये बंद होईपर्यंत तिथून साधारण १ कोटी २० लाख माणसं गेली. हे आकडे सांगा पण त्यांवर रेंगाळू नका, मुलांना १ कोटी आणि १० कोटी सारखेच. मी १९०७ च्या आसपासचं एक पान घेते, कारण ते सगळ्यात गर्दीचं वर्ष होतं आणि तोवर यादीतले रकानेही खूप वाढले होते. ही पानं एलिस आयलंडच्या डेटाबेसमध्ये फुकट बघता येतात, नॅशनल आर्काइव्ह्जकडेही आहेत.

पूर्ण पान दाखवू नका, मुलं हस्ताक्षर बघूनच हरतात. एकच ओळ कापून मोठी करा. एक माणूस. आधी तीनच रकाने उघडे ठेवा, तिकिटाचे पैसे कोणी दिले, जवळ किती डॉलर आहेत, आणि कोणाकडे चाललात. बाकी पांढऱ्या पट्टीने झाकून ठेवा. मग गप्प बसा. खरंच गप्प बसा, झूमवर पाच सेकंदांची शांतता शिक्षकाला पाच मिनिटांची वाटते आणि आपण मध्ये बोलून टाकतो. ऑक्टोबरमध्ये माझ्या वर्गात साधारण अर्ध्या मिनिटाने एका मुलाने चॅटमध्ये लिहिलं, तिकीट भावाने काढलंय आणि हा जातोय पण भावाकडेच, म्हणजे भाऊ आधी आला, त्याने पैसे साठवले आणि मग याला बोलावलं. तेवढ्या दोन रकान्यांवरून पोराने साखळीने होणारं स्थलांतर स्वतः शोधून काढलं, पुस्तकात त्यावर अख्खा परिच्छेद आहे आणि तो कुणाच्या लक्षात राहत नाही. मग एकेक पट्टी काढत जायची. लिहिता-वाचता येतं का. कधी तुरुंगात होतात का. एकापेक्षा जास्त बायका करण्यावर विश्वास आहे का. अनार्किस्ट, म्हणजे सरकारच नको म्हणणारे, आहात का. तब्येत कशी. उंची, रंग, केस, डोळे, अंगावरची खूण. आणि प्रत्येक पट्टीला एकच प्रश्न, हे विचारणाऱ्याला कशाची भीती वाटत होती? हा प्रश्न मला या सगळ्या युनिटचा गाभा वाटतो, कारण त्यामुळे मुलं इमिग्रंटकडे बघायचं सोडून फॉर्म बनवणाऱ्याकडे बघायला लागतात, आणि त्यात कुणाच्याच घराला हात लागत नाही.

पैशांच्या रकान्यावर थोडं जास्त थांबा. १८८२ च्या कायद्यापासून एक शब्द चालत आलाय, पब्लिक चार्ज, म्हणजे जो सरकारच्या गळ्यात पडेल असा माणूस, आणि एलिस आयलंडवर ज्यांच्याबद्दल तशी शंका यायची त्यांच्या नावापुढे एल पी सी असं लिहायचे, पब्लिक चार्ज होण्याची शक्यता असलेला. एकटी आलेली बाई तर नातेवाईक न्यायला येईपर्यंत किंवा त्यांची तार येईपर्यंत सोडायचेच नाहीत. आता हाच शब्द २०२० मध्ये परत कानावर आला, नवीन पब्लिक चार्जचा नियम २४ फेब्रुवारी २०२० ला लागू झाला, आणि तीन आठवड्यांत शाळा बंद. माझ्या शाळेच्या दारात जेवणाची पाकिटं वाटायचो तेव्हा काही घरं यायला घाबरायची, की हे घेतलं तर उद्या ग्रीन कार्डच्या आड येईल. शाळेचं जेवण त्या नियमात मोजलंच जात नव्हतं, आणि कोविडची टेस्ट किंवा उपचार त्यात धरणार नाही असं सरकारने मार्चमध्ये सांगितलंही होतं, पण भीती ही नियम वाचून थोडीच बसते. हा दुवा मी मुलांना तोंडाने सांगत नाही, १९०७ ची ओळ आणि २०२० च्या नियमातलं एक वाक्य शेजारी शेजारी ठेवते, बस्स.

एक छोटी गोष्ट जाता जाता. एलिस आयलंडवर अधिकाऱ्यांनी लोकांची नावं बदलली, हे मुलं घरून ऐकून येतात आणि बऱ्याच शिक्षकांनाही खरं वाटतं. तसं नव्हतं. यादी जहाज निघायच्या बंदरावर, जहाज कंपनीचे लोक भरायचे, एलिस आयलंडचा माणूस तीच यादी समोर ठेवून तपासायचा, आणि तिथे बऱ्याच भाषांचे दुभाषे होते. नावं बदलली ती बहुतेकांनी नंतर स्वतःच, नोकरीसाठी, शेजाऱ्यांच्या जिभेसाठी. हे हळुवार सांगा, कारण कुणाच्या पणजोबांची गोष्ट असते ती.

खडूच्या खुणाही मुलांना लक्षात राहतात. सामान घेऊन जिना चढताना डॉक्टर वरून बघत असायचे, धाप लागली, लंगडला, की कोटावर खडूने अक्षर, हृदयाला एच, डोळ्यांना ई, पायाला एल. काहीजण कोट उलटा करून घालायचे म्हणे, खूण आत जावी म्हणून. आणि हे सगळं फक्त खालच्या वर्गाने आलेल्यांना, पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी बहुतेक जहाजावरच उरकायची. शेवटी परत पाठवले ते साधारण दोन टक्के. मुलं म्हणतात फक्त दोनच? तेव्हा मी विचारते, एका कुटुंबातला एकच त्या दोन टक्क्यांत आला तर बाकीचे काय करतील.

पण एवढ्यावर थांबलात तर मुलांच्या डोक्यात इमिग्रेशन म्हणजे स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि युरोपातली माणसं एवढंच राहतं. दुसरं दार दाखवायलाच पाहिजे, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं एंजल आयलंड, १९१० ते १९४०. १८८२ च्याच दुसऱ्या एका कायद्याने चिनी मजुरांना बंदी होती, पण अमेरिकन नागरिकाच्या मुलाला येता यायचं. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोच्या जन्माच्या नोंदी जळाल्या, मग बऱ्याच चिनी लोकांनी आपण इथेच जन्मलो असं सांगितलं आणि गावाकडच्या मुलांसाठी कागद बनवले, ही कागदावरची मुलं. ती खरी की खोटी हे शोधायला एंजल आयलंडवर उलटतपासणी व्हायची. तुमच्या घराला पायऱ्या किती, तांदळाचा रांजण कुठे ठेवलाय, शेजारच्या ओळीत तिसऱ्या घरात कोण राहतं. आधी मुलाला विचारायचे, मग आधीच देशात असलेल्या बापाला किंवा साक्षीदाराला वेगळं बसवून तेच विचारायचे, आणि उत्तरं जुळवायचे. माणसं तिथे कित्येक आठवडे, कित्येक महिने अडकून पडायची, एखाद्याची तर दोन वर्षं होत आली. बराकीच्या लाकडी भिंतींवर त्यांनी कविता कोरल्या, त्या १९७० मध्ये एका पार्क रेंजरच्या नजरेला पडल्या म्हणून ती इमारत पाडायची वाचली.

हे शिकवायला मी ऑक्टोबरमध्ये जे केलं ते तुम्ही नक्की करून बघा, कारण ते महामारीतच करता येण्यासारखं आहे. घराबद्दल विचारायचं नाही हे ठरलेलं, मग विचारायचं कशाबद्दल? शाळेबद्दल! मुलांनी मार्चपासून शाळेची इमारत आतून पाहिलेली नव्हती. दोघादोघांच्या जोड्या लावल्या, दोघांना वेगवेगळ्या ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे झूमच्याच छोट्या वेगळ्या खोल्यांत, टाकलं, आणि दोघांना तेच आठ प्रश्न. मुख्य दारातून ऑफिसपर्यंत जाताना किती दरवाजे लागतात? लायब्ररीच्या खिडक्या कुठल्या बाजूला उघडतात? जिमच्या जिन्याला पायऱ्या किती? कॅफेटेरियात घड्याळ कुठल्या भिंतीवर आहे? पाण्याचा नळ मुलांच्या बाथरूमच्या अलीकडे की पलीकडे? शोधायचं नाही, विचारायचं नाही, उत्तर गुगल फॉर्ममध्ये. मग सगळ्यांना परत आणलं आणि आठपैकी किती जुळली ते प्रत्येक जोडीला खाजगीत कळवलं. तीनपेक्षा जास्त जुळली अशी एकही जोडी निघाली नाही. सगळी खरीखुरी, त्याच शाळेत दोन-दोन वर्षं शिकलेली पोरं!

त्यानंतर जे झालं त्यासाठी मी वीस मिनिटं राखून ठेवली होती आणि ती कमी पडली. एक मुलगी चिडली, म्हणाली पण मी खरंच त्या शाळेत जाते, मी खोटं बोलले नाही. मी म्हटलं, मग ऑफिसरला ते कसं पटवशील? दुसरा म्हणाला आधी ठरवून आलो असतो तर सगळी जुळली असती, म्हणजे खोटं बोलणाराच पास होईल. आणि तसंच होत होतं बघा, लोक जहाजावर प्रश्नोत्तरांची वही पाठ करायचे आणि बंदर आलं की समुद्रात टाकायचे, आणि ज्यांचं नातं खरं होतं त्यांनाही ती वही पाठ करावी लागायची. पुस्तकातून हे समजवायला मला तीन तास लागले असते. आणि चॅटमध्ये मला एकटीला एक मेसेज आला, एवढाच, माझ्या काकांच्या इंटरव्ह्यूला पण असंच विचारलं होतं. मी थँक यू लिहिलं. पुढे काही विचारलं नाही.

फक्त एक सांभाळा, ऑफिसरची भूमिका मुलांना देऊ नका. वर्गात मी एकदा तसं केलं होतं, मुलं त्यात फार रंगतात आणि एखाद्याच्या जिवाशी खेळ होतो. प्रश्न फॉर्मनेच विचारलेले बरे.

तिसरा कागद म्हणजे कागद नाही, गुगल शीट आहे, आणि हा गणिताच्या शिक्षकाबरोबर घेतलात तर उत्तम. १९२४ चा कोट्याचा कायदा. सूत्र सांगायचं, प्रत्येक देशाला किती जागा, तर १८९० च्या जनगणनेत त्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत होते त्याचे दोन टक्के. मुलांना इटलीचे आकडे द्या, १८९० मध्ये सुमारे १ लाख ८२ हजार, १९१० मध्ये सुमारे १३ लाख ४३ हजार, १९२० मध्ये सुमारे १६ लाख १० हजार. दोन टक्के काढा. १८९० धरलं तर साडेतीन हजारांच्या थोडं वर, १९२० धरलं तर बत्तीस हजार. मग विचारा, कायदा १९२४ चा आहे, १९२० ची ताजी जनगणना हातात आहे, तरी चौतीस वर्षांपूर्वीची का घेतली? मुलं शीटमध्ये साल बदलून बदलून बघतात, आकडा खाली-वर होतो, आणि मग कुणीतरी म्हणतंच की त्यांना इटलीचे लोक नकोच होते, उत्तर आधी ठरवलं आणि गणित मागून केलं. प्रत्यक्षात इटलीला ३,८४५ जागा मिळाल्या आणि जर्मनीला ५१,२२७. कायद्यात एकाही देशाला "नको" असं लिहावं लागलं नाही. आशियातल्यांसाठी मात्र सरळ दार बंद, जे नागरिक होऊ शकत नाहीत त्यांना प्रवेश नाही, आणि भारतीय नागरिक होऊ शकत नाहीत हे १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवून झालंच होतं. थिंड तर पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. भारतीयांना नागरिकत्व आणि वर्षाला १०० जागा मिळाल्या त्या १९४६ मध्ये, आणि देशवार कोट्याची ही पद्धत गेली ती १९६५ च्या कायद्याने. तुमच्या-माझ्यासारखे इथे दिसतात ते त्या कायद्यामुळे. आपल्या मराठी घरांतल्या मुलांना हे मुद्दाम सांगा, कारण आपल्याकडे इमिग्रेशन म्हणजे एच-वन, म्हणजे नोकरीचा व्हिसा, आणि ग्रीन कार्डची रांग एवढंच बोललं जातं, आणि ती रांगसुद्धा एका देशाला सात टक्क्यांच्या वर नाही या गणितातून आलीये, म्हणजे शीटमध्ये तोच खेळ परत करून दाखवता येतो.

आता साथीचं. तुम्ही विचारलं नाहीये पण मुलं विचारणार, आणि विचारलं नाही तरी त्यांच्या डोक्यात असणार, कारण २०२० मध्ये कोविडवरून चिनी दिसणाऱ्या माणसांना काय काय ऐकावं लागलं ते त्यांनी फोनवर पाहिलंय. हा धडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि सगळ्यात नाजूकही. जानेवारी १८९२ मध्ये, म्हणजे एलिस आयलंड उघडून महिनाही झाला नव्हता, मासिलिया नावाचं जहाज न्यूयॉर्कला आलं, त्यातले रशियातून आलेले ज्यू टायफसने आजारी पडले, आणि मग शहराने त्यांच्यासकट त्यांच्या संपर्कातल्या शेकडो लोकांना घराघरातून उचलून नॉर्थ ब्रदर आयलंड या जवळच्या बेटावर नेऊन ठेवलं. १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत प्लेगचा रुग्ण चायनाटाउनमध्ये सापडला तर अख्ख्या चायनाटाउनला दोर आणि कुंपण घातलं, आणि ती हद्द अशी नागमोडी आखली की मधली गोऱ्या मालकांची दुकानं-घरं बाहेर राहिली. नकाशावर बघितलं की मुलांना सांगावं लागत नाही, जीवाणू दुकानाच्या मालकाचा रंग बघून थांबतो का? जू हो नावाच्या किराणा दुकानदाराने केस केली आणि जून १९०० मध्ये फेडरल कोर्टाने ते क्वारंटाइन उठवलं, कारण ते फक्त चिनी लोकांनाच लावलं होतं.

पण हे शिकवताना तोल सांभाळा. क्वारंटाइन म्हणजेच अन्याय, असा अर्थ मुलांनी काढायला नको, ती स्वतः कोविडमध्ये मास्क लावून घरात बसली होती आणि काहींच्या घरात माणसं गेली होती. मी दोन प्रश्न फळ्यावर, म्हणजे स्लाइडवर, पूर्ण तास ठेवते. हा नियम आजार अडवतोय का? आणि तो सगळ्यांना सारखा लावलाय का? या दोन प्रश्नांनी १८९२, १९०० आणि २०२० तिन्ही तपासता येतात. ज्या दिवशी हा तास घ्याल त्याच्या आदल्या दिवशी वर्गात पूर्व आशियाई मुलं असतील तर त्यांना एक साधा मेसेज टाका, की उद्या हा विषय आहे, तुला बोलायचं असेल तर बोल, नसेल तर मी तुझ्याकडे वळणार नाही. माझ्या वर्गात अशी तीन मुलं होती, तिघांनीही उत्तर दिलं, एक बोलला, दोघी बोलल्या नाहीत.

आजच्या राजकारणाबद्दल तुम्हाला धास्ती वाटतेय ते कळतं. २० जानेवारी २०२१ ला नवीन सरकार आलं आणि पहिल्याच दिवशी काही देशांवरची प्रवासबंदी उठवली, त्याआधी जून २०२० मध्ये एच-वनवर स्थगिती आली होती, जुलैत तर कॉलेजचे परदेशी विद्यार्थी पूर्ण ऑनलाइन शिकत असतील तर त्यांना देश सोडावा लागेल असा नियम ६ तारखेला आला आणि १४ तारखेला मागे घेतला. मी बातम्या घेत नाही, मी शब्द घेते. रेफ्युजी वेगळा, इथे येऊन असायलम, म्हणजे आश्रय, मागणारा वेगळा, स्टुडंट व्हिसावरचा वेगळा, ग्रीन कार्डवाला वेगळा. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये आल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या इमिग्रंट होत्या का? नाही, विद्यार्थिनी. मुलांना हा फरक एकदा कळला की बातमीतला अर्धा गोंधळ ती स्वतःच सोडवतात. आणि "इल्लिगल्स" हा शब्द माणसांसाठी माझ्या वर्गात चालत नाही, कागद नसलेली माणसं म्हणायचं, हे मी पहिल्या दिवशीच सांगते आणि त्यावर चर्चा ठेवत नाही, कारण ते माणूस वर्गात बसलेल्या कुणाची तरी आई असू शकते.

कॅमेरा चालू ठेवणं सक्तीचं करू नका, प्रिन्सिपल मागे लागले तरी या युनिटपुरतं त्यांच्याशी बोलून घ्या. बंद कॅमेऱ्यामागे मूल ऐकतंय की झोपलंय ते कळायला मी दर सात-आठ मिनिटांनी एका शब्दाचं उत्तर चॅटमध्ये मागते, तेवढं पुरतं. नवीन आलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या मुलांना मॅनिफेस्टचा धडा सगळ्यात जास्त जमतो हे माझ्यासाठीही नवीन होतं. रकाने, नावं, आकडे, त्यांना फॉर्म भरायची सवय आहे हो, आईबाबांचे फॉर्म तीच भरतात. माझ्याकडे सहा महिन्यांपूर्वी आलेल्या एका मुलाने बाकीच्यांना समजावलं की कोणाकडे चाललात या रकान्यात नुसतं नाव नाही, पूर्ण पत्ता का लागतो. नेट नसणाऱ्यांसाठी त्याच ओळीचा मोठा प्रिंट, पांढऱ्या पट्ट्यांऐवजी घडी घातलेला, जेवणाच्या पाकिटांबरोबर पाठवते आणि फोनवर दहा मिनिटं बोलते. तो प्रिंट चांगल्या जाड कागदावर काढा, फोटोकॉपीत हस्ताक्षर पुसट होतं.

शेवटचा प्रोजेक्ट तुम्हाला इंटरव्ह्यूचाच ठेवायचा असेल तर ठेवा, पण निवड द्या. घरातलं माणूस, शेजारचं माणूस, किंवा मॅनिफेस्टमधली एक ओळ घेऊन त्या माणसाचं पत्र. तिन्हींना तेच गुण, गुण देण्याचे तेच निकष, आणि कुणी काय निवडलं ते वर्गाला कळायचं कारण नाही. ऑक्टोबरच्या माझ्या सत्तावीस मुलांपैकी अकरा जणांनी घरचं माणूस घेतलं, कुणी न सांगता. त्यातल्या चौघांनी वर लिहिलं होतं, हे फक्त तुमच्यासाठी. ते चार कागद मी ड्राइव्हवर ठेवलेच नाहीत, वाचले, हाताने दोन ओळी लिहिल्या आणि त्या मुलांच्या घरी पोस्टाने परत पाठवले.

शीट आणि ते आठ प्रश्न तुमच्या शाळेच्या इमारतीप्रमाणे बदलून घ्यावे लागतील. त्यासाठी इमारतीची देखभाल करणाऱ्या कस्टोडियनला विचारा, पायऱ्या त्यांना पाठ असतात.